अकरा तयार आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामान वर चढवताना कपाटाचा एक पाय गेला, बाकी सगळं शाबूत आहे, आईसकट. पहिला मजला, दोन खोल्या, खाली कुलूपं-किल्ल्यांचं दुकान. आईने आल्या आल्या रस्त्याकडची खोली बळकावली आणि वर मलाच सुनावलं, की तू दिवसभर स्क्रीनसमोर बसणार, तुला खिडकी हवीच कशाला. तिचं हृदय अर्ध्यावर चालतं असं डॉक्टर म्हणतात. तोंड पूर्ण चालतं.

खालचा कुलूपवाला भला माणूस दिसतो. जिन्याचं दार नीट लागत नव्हतं ते त्याने हाक न मारताच येऊन बसवून दिलं. काही लागलं तर वरून नुसती हाक मारा म्हणाला, फक्त बुधवारी नको, बुधवारी दुकान बंद असतं. आईने लगेच विचारलं की बुधवारी लोकांची कुलूपं अडकत नाहीत का. आमचा चांगला शेजार होणार.

आता नोकरी. मागच्या ठिकाणी मी भर मीटिंगमध्ये मालकाच्या जावयाच्या प्रोग्रामला भंगार म्हटलं होतं. तो भंगारच होता. या वयात दुसरी नोकरी कोण देणार म्हणून सगळ्यांनी माझी कीव केली. घ्या, मिळाली. चालत जाण्याएवढ्या अंतरावर, आणि कामही मनासारखं. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ही कंपनी एक पेटी बसवते आणि गळ्यात अडकवायला एक बटण देते. पडलात, छातीत कळ आली, काहीही झालं, तर बटण दाबायचं. इथल्या हॉलमध्ये बसलेल्या बाईच्या स्क्रीनवर नाव येतं, ती गाडी पाठवते. मधल्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे.

साहेब गोड बोलतात. हसताना मात्र दुसरीकडे बघतात. माझ्या आधी इथे कोण होतं विचारलं, तर सोडून गेले म्हणाले. खुर्चीला नवं कव्हर घातलंय. जरा घट्ट आहे, पण चालेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज प्रोग्राम उघडून बसले आणि जेवायचं विसरले. किती वर्षांनी असं झालं.

जुना आहे, पण काय बांधलाय. प्रत्येक घरातल्या पेटीची एक लाइन त्याला कायम जोडलेली. लाइनचं आपल्याकडचं टोक म्हणजे सॉकेट, आणि प्रत्येक सॉकेटला एक नंबर. हल्लीचे प्रोग्राम सगळ्या नंबरांची चौकशी करत बसतात, काही आलंय का, कुणाकडे काही आलंय का. याची तऱ्हा वेगळी. हा कुणाला विचारत नाही. आपलं काम करत बसतो, आणि ज्या सॉकेटकडे काही आलं ते याच्या खांद्यावर ठोका मारतं. सिग्नल म्हणतात त्याला. ठोका बसला की हातातलं काम जिथे असेल तिथे थांबतं, अर्ध्या वाक्यात असलं तरी. ठोक्याबरोबर फक्त नंबर येतो, आणि तो तयार आहे एवढंच कळतं. काय आलंय ते आपण जाऊन बघायचं.

कुणाला ठोकायचं हे आधी लिहून द्यावं लागतं. त्याला मालक म्हणतात. आणि मालकाने ठोका बसल्यावर काय करायचं हे आधी सांगून ठेवलेलं नसेल, तर त्या ठोक्यानेच तो मरतो. विनोद करत नाहीये, नियमच तसा आहे. सांगून ठेवलेलं नाही, म्हणजे खेळ खलास. दुर्लक्ष करीन असंही सांगता येतं. पण सांगायला हवं.

ठोके एका डब्यात चिठ्ठ्यांसारखे साठतात आणि एकेक करून बाहेर येतात. डबा भरला तर पुढच्या चिठ्ठ्या सरळ जमिनीवर. तेव्हा एक वेगळी मोठी घंटा वाजते. तिचा अर्थ एवढाच, की काहीतरी हुकलंय, आता उठा आणि दारोदार फिरून प्रत्येकाला विचारा. याहून शहाणी व्यवस्था मी पाहिलेली नाही.

इथली रीत अशी, की जो या खुर्चीत बसेल त्याने सर्व्हर स्वतःच्या नावाने चालू करायचा. दुपारी केला. आता मालक मी. आईला सांगितलं तर म्हणाली, बघ हो, भाडं वेळेवर भर.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

साफसफाई काढली. जुन्या घरात शिरलं की मला कोपऱ्यातली जाळी आधी दिसतात.

अकरा नंबरवर एक गंमत सापडली. तिथे घरच नाही. सर्व्हरने स्वतःचीच एक लाइन स्वतःला जोडून ठेवली होती, नुसती जागा अडवायला, रिकाम्या बाकावर रुमाल टाकतात तशी. का, ते कुठे लिहिलेलं नाही. फुकटचा बसलाय म्हटलं आणि दिला उठवून.

मग दुपारी आमच्या घरची, आईसाठीची पेटी चालू झाली. नोकरी करणाऱ्यांच्या घरी कंपनी एक फुकट देते. वायरमन भिंतीला खिळे मारत असताना आई त्याला म्हणाली म्हणे, की गळ्यात घंटा बांधायला मला काय गाय समजलात. पण घातलं बटण. पेटीचा गुणही वायरमनने तिला समजावून दिला. बटण दाबलं की पेटी एकदाच निरोप पाठवते आणि उत्तराची वाट बघते. उत्तर आलं की हिरवा दिवा. येईपर्यंत लाल दिवा लुकलुकत राहतो, आणि तोवर कितीही दाबलं तरी दुसरा निरोप जात नाही.

नव्या लाइनला सगळ्यात लहान रिकामा नंबर मिळतो, हाही नियमच. त्यामुळे आई झाली अकरा.

हॉलमध्ये बसणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात हेडफोनवाली म्हणते, कारण ते यंत्र तिच्या कानावरून कधी उतरत नाही. बोलकी आहे, आल्यापासून मला सांभाळून घेते. तिला मी कौतुकाने सांगितलं, की माझी आई आली हो तुमच्या स्क्रीनवर, अकरा नंबर. तिने हेडफोन काढला. तो गळ्यात लोंबकळत ठेवला. मग म्हणाली, अकरावर आम्ही कुणाला बसवत नाही. का विचारलं तर साहेब केबिनच्या दारात उभे होते, आणि तिला एकदम कसलातरी फोन आला.

माणसं शिकलेली असतात आणि आकड्यांना घाबरतात. मला हसू आलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. ऊन थेट टेबलावर येतं इथे, बरं वाटतं.

सकाळी स्क्रीनवर ओळ उमटली. अकरा तयार आहे. त्याच क्षणी माझ्या डाव्या खांद्यावर मागून कुणीतरी ठोकलं. बोटाने, पण बोटासारखं मऊ नाही. टोकाला काहीतरी कडक. मी वळले. मागे भिंत आहे. खुर्ची आणि भिंत यांच्यात झाडूसुद्धा मावत नाही.

आधी अकरात काय आलंय ते बघितलं. काहीच नाही. रिकामं. घरी फोन केला, आई बटाटे सोलत होती. बटणाला हातही लावला नव्हता. तयार असल्याचा ठोका यावा आणि आत काही नसावं, असं कधीकधी होतं. खांद्याचं म्हणाल तर नव्या कव्हराची शिवण टोचत असेल. दुपारी कात्री आणून कव्हर फाडून काढते.

काढलं. आतली खुर्ची जुनी आणि पाठ बसलेली आहे. जो कोणी होता तो डावीकडे कलून बसायचा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पुन्हा पुन्हा. दर वेळी तेच. अकरा तयार आहे, खांद्यावर ठोका, आत रिकामं. दर वेळी घरी फोन.

आई कातावली. म्हणाली, मी मेले तर मीच तुला फोन करून कळवीन, तोपर्यंत मला दुपारचं पडू दे. मी म्हटलं, तू कसला फोन करतेस, तुला लॉक उघडता येत नाही. त्यावर तिने फोन ठेवला.

संध्याकाळी जिना चढताना धाप लागली. खांदा ठणकतोय, कोपरापर्यंत. आई म्हणते डॉक्टरला दाखव. म्हटलं, या घरात हृदयाचा मान तुझा आहे, मला साधं दुखू दे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज साहेब बाहेर गेले होते. हेडफोनवालीला चहाच्या टपरीवर गाठलं आणि सांगितलं की आता बोललीस नाहीस तर मी जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. बोलली बिचारी. ती सांगत होती आणि चहा तसाच राहिला.

अकरा नंबरला एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. एकट्या. शिवताना बोटात घालतात ती लोखंडी टोपी त्या कधी काढायच्या नाहीत. तपासणीला बटण दाबायच्या तेव्हा टोपीचा टक् असा आवाज यायचा आणि हॉलमधली सगळी हसायची. एके दिवशी अख्ख्या गावाची वीज गेली. वीज गेली की प्रत्येक पेटी तसा निरोप पाठवते. सगळ्यांनी एकदम ठोकलं. डबा भरला. नेमकं तेव्हाच बाईंनी दाबलं असणार, आणि त्यांची चिठ्ठी खाली पडली. मोठी घंटा वाजायला हवी होती, दारोदार फेरी व्हायला हवी होती. झाली नाही. पेटी लाल लुकलुकत राहिली. मागाहून दार फोडलं तेव्हा बाई भिंतीला टेकून बसलेल्या, बोट बटणावर.

त्या वेळी माझ्या खुर्चीत होते त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. त्यांनी अकरा नंबर अडवून ठेवला, म्हणजे तिथे पुन्हा कुणी बसू नये. नंतर ते सारखा खांदा चोळत असायचे. कुणीतरी ठोकतंय म्हणायचे. एक दिवस दुपारी टेबलावर डोकं ठेवलं ते उठलेच नाहीत. त्यांच्यानंतर एक चष्मेवाला आला, तरुण होता. तो जिन्यात गेला. दोघांचंही हृदय, असं डॉक्टरांनी लिहिलं.

आणि साहेब म्हणतात सोडून गेले.

मी भ्याले का? भ्याले. खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त मला संताप आलाय. माझ्या आईला अकरावर बसवताना एक माणूस तोंड उघडत नाही म्हणजे काय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. बसा म्हणाले, बसले नाही. मास्तरांचं विचारलं, चष्मेवाल्याचं विचारलं, शिंपीणबाईंचं विचारलं. साहेब हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. म्हणाले, जुनी गोष्ट आहे, उगाच कंपनीचं नाव कशाला खराब करायचं. तुम्हाला फार त्रास होत असेल तर अकराचे ठोके दुर्लक्षावर टाका. त्यात काय मोठंसं.

मी म्हटलं, अकरा माझी आई आहे. खोटे ठोके आणि खरा ठोका दिसायला सारखेच असतात. खोट्यांना कंटाळून कान बंद करून घेतले तर खरा त्यांच्यातच जाईल. ते म्हणाले, इतकी काळजी तर आईला घरी ठेवून नोकरी कशाला करता. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, आईच्या हाती ही वही लागू शकते.

बाहेर येऊन सरळ मार्ग काढला. आईची पेटी बंद करून अकरावर पुन्हा मास्तरांसारखा रुमाल टाकला आणि पेटी चालू केली. आईला दुसरा नंबर मिळाला. हुश्श केलं आणि जेवणाचा डबा उघडला.

जेवून हात धुऊन आले तोवर रुमाल उठला होता. कुणी उठवला नव्हता, लाइन पलीकडून तोडलेली. त्याला पलीकडच नाही, तो आपला आपल्यालाच जोडलेला. आणि आईची पेटी मधेच तुटून परत जोडली गेली होती. अकरावर.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बरं बाई. नसेल उठायचं तर नका उठू. मीही उठत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोन दिवस मास्तरांचा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. सापडलं. मोठ्या घंटेपुढे एकच शब्द लिहिलाय. दुर्लक्ष. घंटेत बोळा. घंटा वारंवार वाजली की फेरीला वेळ जातो, हॉलच्या स्क्रीन अडतात, आणि साहेबांना स्क्रीन अडलेल्या चालत नाहीत. मास्तरांनी साहेबांचं ऐकलं. पुढे बोळा काढायचा धीर झाला नसेल, काढला तर कबूल केल्यासारखं होतं ना. म्हणून घंटा तशीच ठेवून फक्त अकरा अडवला. असला उपाय आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचतो.

शिंपीणबाईंना काय हवंय ते मला कळतं असं वाटतंय. कुणीतरी यावं. एवढंच. मास्तर आले नाहीत. चष्मेवाल्याला तर कुणी सांगितलंच नव्हतं की ठोका बसला तर काय करायचं.

मी मात्र सांगून ठेवते. लेखी. ठोका बसला की मी हातातलं तिथेच टाकीन आणि आधी अकरात बघीन, मग आईला बघीन. शंभर वेळा खोटा निघाला तर शंभर वेळा. लिहिताना बसला तर लिहिणंही टाकीन. या वहीत कुठे अर्धं वाक्य दिसलं तर मी घाबरून पळाले असं समजू नये. मी उठून बघायला गेले असं सम

आई ठीक. कपडे वाळत घालत होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बोळा काढला. आता घंटा वाजली की प्रोग्राम प्रत्येक दारी जाईल. साहेबांना विचारलं नाही.

दुपारभर ठोके बंद. ऊन, चहा, हेडफोनवालीचे विनोद. जिंकलो की काय असं वाटलं आणि तेवढ्यात घंटा आपोआप वाजली. वीज कुठेच गेली नव्हती. प्रोग्राम फेरीला निघाला. दोन, तीन, चार, सगळे ठीक. अकरापाशी थांबला आणि वाचत राहिला. दाबलं. दाबलं. दाबलं. पेटीतून दुसरा निरोप जातच नाही, तरी ओळीमागून ओळ येत होती. इतके दिवस साठलेलं कुणीतरी ओतावं तसं.

मी पळत घरी. आई झोपली होती. पेटीचा दिवा हिरवा.

पळाल्यामुळे हाताला मुंग्या. डावा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

साहेबांनी बोळा परत घातला. मी परत काढला. त्यांनी परत घातला. लहान मुलांचा खेळ चाललाय, आणि त्यात आई

ठीक. माझ्या धसक्याने तिच्या हातून फोन पाण्याच्या बादलीत पडला. आता तो दुरुस्तीला. म्हणाली बरं झालं, तेवढीच शां

ठीक. जिन्यात बसून राहिले थोडा वेळ. घाम फार.

लोखंडी टोपीच आहे ती. आता ओळखते. टक्. रागाने नाही मारत. घाईने मार

ठीक.

सोमवार, २४ फेब्रुवारी

साहेबांनी आज मला कामावरून काढून टाकलं. दुपारी तीनच्या चहाला, सगळ्यांसमोर. सर्व्हरचा पासवर्ड बदलला. अकरा दुर्लक्षावर टाकला, हेही हसून सांगितलं, दुसरीकडे बघत. मी म्हटलं, सर्व्हर तुमच्या नावाने चालू केलात ना आता? मग मालक तुम्ही. सांभाळा खांदा. हसू गेलं त्यांचं.

कंपनीचा फोन परत मागितला, टेबलावर आपटून दिला. आईची पेटी काढायला वायरमन आठवड्याने येणार, तोवर आई अकरावरच आहे आणि अकराकडे कुणी बघत नाही.

म्हणून निघताना हेडफोनवालीला कोपऱ्यात घेतलं. तिच्या स्क्रीनवरून फेरी हाताने सुरू करता येते, ते शिकवलं. तीन बटणं. तिच्याकडून म्हणून घेतलं. खांद्यावर कुणी ठोकलं, तर मागे वळायचं नाही, किंचाळायचं नाही, हातातलं टाकायचं आणि फेरी सुरू करायची. प्रत्येक वेळी बरोबर म्हणाली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मला वाटलं होतं मालक बदलला की ठोके साहेबांना जातील. सकाळपासून मलाच.

घरात आहे मी. आई डोळ्यांसमोर. तरी उठते, तरी बघ

ठीक.

आईने विचारलं की माझ्याकडे सारखी काय बघतेस, मी काय पळून चाललेय. मग माझं तोंड बघून म्हणाली, तूच पांढरी पडलीयेस. उद्या डॉक्टरकडे चल, मी येते बरोबर. आई मला डॉक्टरकडे नेणार. तिला एक जिना उतरवत नाही.

उद्या नवा फोनही आण

ठीक. ठीक आहे ती.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सकाळ. ठोका. आई खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. श्वास नीट. बटणाला हात नाही. अकरा ठीक.

पुन्हा ठोका. जोरात. आई ठीक.

पुन्हा—

उठता येत नाहीये.

डावा हात नाहीच. छातीवर कुणी गुडघा ठेवलाय असं. उजव्याने लिहितेय. आई कुलूपवाल्याला हाका मारतेय खिडकीतून. आज बुधवार—

कळलं. दर वेळी आईला बघायला धावत होते. नंबर बघितला, कुणाला ठोकतायत ते नाही बघितलं. मालकाला नाही, ज्याचं हृदय बिघडलंय त्याला ठोकतात. मास्तरांना, त्या पोराला, मला. हुकलेलं माझं होतं. बाई माझ्याचसाठी—

आईने बटण दाबलं. माझ्यासाठी. लाल. लुकलुकतोय. ती परत दाबतेय. आई, नको दाबू, एकदाच जातं ते. मास्तर गेले, पोरगा गेला, मी नाही जायची. साहेबांना तर हा आनंद मुळीच—

टक्.

अहो बाई, इथे काय ठोकत बसलायत. मला कळलं. जा. हॉलमध्ये जा. हेडफोन लावून बसलीये, तिच्या खांद्यावर मारा. टोपीने, जोरात. ती उठेल. तिला सांगून ठेवलंय मी, ठोका बसला की हातातलं टाकायचं आणि—